सेतुराव खाली आले

सेतुराव गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहत. आधी पाय पाहत. पोटऱ्यांपर्यंत कालव्याचा चिखल वाळलेला असला की लुगडी बाजूला राहत आणि पहिल्यांदा पाण्याचा तांब्या येई. मग पाहत ते हात. तोंडाकडे पाहायची वेळ येईपर्यंत कोणतं कपाट उघडायचं ते त्यांचं ठरून गेलेलं असे.

तंजावरात कीळ वीथीवर आमचं रेशमी लुगड्यांचं दुकान होतं. मालकांना आम्ही सगळे मुदलाळी म्हणत असू. मी तिथे लागलो तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि सेतुराव पन्नाशीला टेकले होते. दुकानात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. आमची मराठी भोसल्यांच्या वेळेपासून कावेरीकाठी राहिलेली, जुनी आणि तमिळ हेलाची. लिहायला मी पुष्कळ उशिरा शिकलो, पुण्याला मुलीच्या घरी आल्यावर, नातीच्या शेजारी बसून. सेतुरावांना देवनागरी वाचता येत नव्हती. हे त्यांना दाखवता आलं नसतं, याचंच लिहिताना राहून राहून वाईट वाटतं.

गिऱ्हाईक चटईवर बसे आणि त्याच्यासमोर पांढऱ्या चादरीवर आम्ही. रेशमाला हात लावण्याआधी सेतुराव हात धूत, ते कोपरापर्यंत. नऊवारी लुगडं एका झटक्यात असं सोडत की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी येऊन थांबे. घडी घालताना एक टोक हनुवटीखाली धरत आणि बोलणं सुरूच ठेवत. पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोणासाटीं?" काय हवं, केवढ्याचं हवं, हे त्यानंतर.

"माधवा, कोणासाटीं तें कळलं की अर्धी कपाटं उघडायचीं नकोत," ते मला म्हणत. "आधीं विचार. मग दाखव."

एकदा एक म्हातारी बाई नातीला घेऊन आली. बाईंना दिसत नव्हतं, पण नातीच्या लग्नाचं लुगडं स्वतः निवडायचा हट्ट होता. नातेवाईक हसत होते. सेतुराव उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काठ बोटांखाली धरून म्हणाले, "अम्मा, हें आंब्याच्या कोवळ्या पानासारखं. अजून तांबूस आहे, हिरवं झालेलं नाही. आणि हें वांग्याच्या फुलाचं." बाई दोन तास बसल्या. शेवटी वांग्याच्या फुलाचं घेतलं आणि नातीला म्हणाल्या, "तुझ्या आईचं होतं असं." सेतुराव मान खाली घालून घडी घालत राहिले. आई हयात नाही हे आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते ओळखलं असावं. कसं, ते मी विचारलं नाही.

आमच्या दुकानात लग्नासाठी लोक येत तसे मरणासाठीही येत. मेलेल्या माणसावर घालायचं कोरं वस्त्र लागे. लग्नाची माणसं दाराबाहेर थांबतात, एकमेकांची वाट पाहतात, बायकांना पुढे घालतात. मरणाचा माणूस एकटा येतो आणि सरळ आत येतो. टांगलेल्या लुगड्यांकडे त्याची नजर जात नाही. सेतुराव त्याला काही विचारत नसत, निवडायलाही लावत नसत. कपाटातून एक वस्त्र काढून कागदात गुंडाळून हातात देत. एरवी निघणाऱ्या प्रत्येकाला आम्ही "या पुन्हा" म्हणत असू. त्या माणसाला ते शब्द म्हणायचे नाहीत, ही ताकीद मला पहिल्याच आठवड्यात मिळाली होती.

मी लागल्यानंतर तीनेक वर्षांनी मुदलाळींनी माडी चढवली. वर काचेची खोली केली, खुर्ची टाकली, पंखा लावला आणि सेतुरावांना मॅनेजर केलं. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. घरी रुक्मावहिनींनी सत्यनारायण घातला. मीही प्रसादाला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या पायांशी बसले हो. आतां लोक जिना चढून येतील."

सेतुराव वर रमले, हे सांगितलं पाहिजे. माणूस तिथे दुःखी होता असं काही नव्हतं. विणकरांशी बोलणं, माल पाहणं, नोकरांच्या रजा यांत त्यांचा दिवस जाई. काही लोक लग्नात लुगडं मिरवून, हळदीच्या डागासकट परत आणून देत. मुदलाळी वैतागले तेव्हा सेतुरावांनीच पाटी रंगवून घेतली: एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही. तमिळमध्ये आणि इंग्रजीत. शब्द त्यांचेच. पाटी दारासमोर लागली आणि आमची पुष्कळ भांडणं वाचली. हळूहळू ते गिऱ्हाइकाला "पार्टी" म्हणू लागले. "माधवा, लग्नाची पार्टी आली कां?" असा वरून आवाज येई. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

सेतुराव वर गेल्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही आडी महिन्यातली, म्हणजे साधारण आषाढातली, गोष्ट. आडीत आमच्याकडे लग्नं होत नाहीत, म्हणून दुकान झाडून माल नीट लावायचे ते दिवस. तरी त्या सकाळी एका मिरासदाराच्या घरची सात-आठ माणसं माझ्यासमोर बसली होती आणि एकाचं एकाशी पटत नव्हतं. तेवढ्यात एक शेतकरी दारात आला. बगलेत आमच्याच दुकानच्या कागदातलं पुडकं. मी त्याला ओळखलं. महिन्यापूर्वी मुलीला आणि आपल्या बहिणीला घेऊन ओरत्तनाडूच्या पलीकडच्या गावाहून तो आला होता. पुढच्याच आवणी महिन्यात मुलीचं लग्न होतं. लग्नात नेसायचं लाल लुगडं, कूरै म्हणतात ते, मीच दाखवलं होतं.

त्यानं पुडकं पुढे केलं. "अय्या," एवढंच म्हणाला.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "परत घेत नाही अय्या. पाटी बघा."

त्याला वाचता येत नसावं. त्यानं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोठ्या अय्यांना भेटूं द्याल का?"

मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, "अण्णा, माल परत आणलाय एकानं. तुम्हांला भेटूं म्हणतो."

वरून सेतुराव म्हणाले, "पाटी दाखव की त्याला."

मी हातानं पुन्हा पाटी दाखवली. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी मिरासदारांच्या माणसांत गुंतलो. जेवायच्या वेळेला सेतुराव खाली उतरले तेव्हा पायरीवर माणूस नव्हता. पुडकं तेवढं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

त्यांनी ते उचललं, कागद सोडला. घडी आमचीच होती, मोडलेली नव्हती.

"काय म्हणत होता?"

"परत करायला आणलं होतं."

"असं तो म्हणाला?"

तो काहीच म्हणाला नव्हता. मी म्हणू दिलं नव्हतं.

"बरोबर बाई कोण होती?"

"कोणी नाही. एकटाच."

सेतुराव पायरीवरच बसले, तो माणूस बसला होता तिथे. "परत करायला माणूस एकटा येत नाही रे," ते म्हणाले. "बाई येते. भांडायला येते." थोड्या वेळानं म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी हें मला वरूनसुद्धा कळलं असतं."

पुडक्यातल्या बिलाच्या चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसनं ओरत्तनाडूला गेलो आणि तिथून कालव्याच्या बांधावरून चालत. कालव्याला नवं पाणी आलं होतं, दोन्हीकडे लावणी चालली होती. सेतुरावांचे गुडघे दुखत होते. दर थोड्या अंतरावर ते नारळाला हात लावून उभे राहत, पण परत फिरू म्हणाले नाहीत. लुगडं त्यांनी दुकानातच, आपल्या कपाटात ठेवलं होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर तो माणूस एकटा बसला होता. आम्हांला पाहून उठला आणि चटई टाकली. सेतुराव चटई सोडून जमिनीवर बसले. मुलगी विषमज्वरानं बारा दिवसांत गेली होती. तिचं नाव पोन्नी. आम्हांला ते त्या दिवशी कळलं.

मी घाईघाईनं पैशाचं काढलं. त्या माणसानं हात जोडले.

"त्यासाठी नव्हतो आलो अय्या. पोरीची आई पेटी उघडून लुगड्यापाशी बसून राहते. जेवत नाही. घरात ठेववेना, जाळवेना. तुमच्याकडून आणलं होतं, तुमच्याचकडे राहू द्यावं, असं मनात आलं. तेवढं विचारायचं होतं."

सेतुराव म्हणाले, "राहूं द्या. माझ्याकडे राहील तें."

आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा आतून मुलीची आई आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "लुगडं दाखवलं कोणी?" तिनं विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडे बोट केलं.

"मी नव्हते आले त्या दिवशी," ती मला म्हणाली. "गाय व्यायली होती. नणंद सांगत होती, पोरीनं फार वेळ लावला."

"हो अम्मा. पुष्कळ वेळ लावला."

"दुसरी कुठली हातात घेतली होती तिनं? कुठली आवडली होती?"

मी आठवायला लागलो. महिन्याभरात शंभर मुली माझ्यासमोर बसल्या होत्या. काहीतरी सांगून टाकावं, हिरवं म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं. सेतुराव माझ्याकडे पाहत होते, म्हणून सांगवलं नाही.

"मला आठवत नाही अम्मा," मी म्हटलं.

ती मान हलवून आत गेली.

परत येताना बांधावर सेतुराव एकच वाक्य बोलले. "मी खालीं असतों तर मला आठवलं असतं." त्यात मला दोष नव्हता. तसा दोष त्यांनी मला पुढेही कधी दिला नाही, आणि तेच माझ्या मनाला लागून राहिलं.

चार दिवसांनी त्यांनी मुदलाळींना सांगितलं, "मला पुन्हा खालीं चादरीवर बसायचं आहे." मुदलाळींना आधी थट्टा वाटली. मग ते रागावले. खुर्चीवरच्या माणसाला खाली बसवलं तर गावात दुकानाची काय शोभा? सेतुराव म्हणाले, "खुर्चीवर दुसरा कोणी बसवा. मला दाराजवळची जागा द्या." दाराजवळ सुती माल असे. तिथे नवी माणसं बसत.

पाटी त्यांनी काढवली नाही. फक्त आम्हां सगळ्यांना बोलावून सांगितलं, "कोणी पुडकं घेऊन आला तर आधीं बसवा. पाटी कोठें जात नाही, मागाहून दाखवा."

खाली येणं सोपं गेलं नाही. पहिल्या महिन्यात लुगडं सोडताना पदर भलतीकडेच पडे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गप्प होत. एका बाईंनी तर मला विचारलं, "हे नवीन लागलेत का?" सेतुरावांनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, "होय अम्मा, नवीनच." उठताना त्यांना भिंत धरावी लागे. मी हात पुढे केला की म्हणत, "राहूं दे. गिऱ्हाईक बघतं आहे."

गावात लोक बोलले. काहीतरी लबाडी सापडली म्हणून उतरवलं, असं सगळीकडे झालं. त्यांच्या मुलीचं, तुळसाचं, लग्न तेव्हा कुंभकोणमला जमत आलं होतं. त्या लोकांनी कुणाकडून तरी चौकशी केली आणि पत्रिका परत पाठवली. मी त्या संध्याकाळी घरी गेलो तर रुक्मावहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"माधव भाऊजी, तुम्ही सांगा यांना. परक्या पोरीसाठीं माझ्या पोरीचं कां?"

सेतुराव झोपाळ्यावर होते. झोपाळा हलत नव्हता. ते म्हणाले, "मी मुदलाळींकडून लिहून आणतों. मला कोणी उतरवलं नाही म्हणून." त्यांनी खरंच आणलं, पण कुंभकोणमहून उत्तर आलं नाही. तुळसा मुकाट्यानं पाणी घेऊन आली आणि बापाच्या हातात भांडं देऊन तिथेच उभी राहिली. तिचं लग्न पुढे सहा वर्षांनी झालं, पुदुक्कोट्टैच्या एका शाळामास्तराशी, बिजवराशी. वहिनी त्या लग्नात हसल्या नाहीत. सेतुराव चुकले की बरोबर होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्यांची नवी सवय त्यानंतरची. मुलगी लुगडं निवडून उठली की तिनं हातात घेऊन ठेवून दिलेली लुगडी ते लगेच आवरत नसत. एकेकाकडे पाहत आणि मग घडी घालत. आम्हांला म्हणत, "घेतलं तें बिलावर राहतं. ठेवून दिलं तें तुम्ही लक्षांत ठेवा." नवी पोरं मागे हसत. मला हसू येत नसे. हळूहळू मलाही आठवू लागलं. आजही एखाद्या वर्षाच्या कुठल्याशा मुलीनं नाकारलेला रंग मला सांगता येईल. पोन्नीचा मात्र येत नाही.

तिचं लुगडं त्यांच्या कपाटात होतं. रेशीम एकाच घडीवर ठेवलं तर घडीच्या रेघेवर चिरतं, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सेतुराव ते बाहेर काढून दुसऱ्या घडीनं ठेवत. कधीकधी तो बाप पिकाच्या कामानं तंजावरला आला की दुकानात येऊन बसे. दोघे पाऊस, पाणी, धान बोलत. लुगड्याचं नाव कोणी काढत नसे.

पाचव्या वर्षी आई आली. चटईवर बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "न्यायला आले आहे." त्या गावांकडे लग्नाआधी गेलेल्या मुलीला घरची कन्नी, म्हणजे कुमारिका देवी, मानतात, नव्या टोपलीत तिचं लुगडं ठेवून वर्षातून एकदा पूजा करतात. इतकी वर्षं आईचं मन त्याला तयार नव्हतं. आता झालं होतं. सेतुरावांनी कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं फक्त काठावरून एकदा बोट फिरवलं. "चांगलं ठेवलंत," म्हणाली. ती गेल्यावर सेतुराव मागच्या अंगणात विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या जागेवर मी बसलो.

मग दिवस पालटले. मुदलाळींचा मुलगा धंदा पाहू लागला. चटया गेल्या, लाकडी कौंटर आले, त्यामागे दिवसभर उभं राहायचं. नायलॉन आलं. बायका हातात पर्स घेऊन येत, उभ्या उभ्या दोन पाहत आणि जात. "कोणासाटीं?" विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "तुम्हांला काय करायचंय?" सेतुराव म्हणाले, "चुकलं अम्मा." त्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, "माधवा, मी गिऱ्हाइकाला त्रास देतों कां रे?" मी नाही म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. तोंडाकडे.

उभं राहणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्याच वर्षी वहिनी गेल्या. तुळसा त्यांना पुदुक्कोट्टैला न्यायला आली.

बस सकाळी नवाला होती. मी मुद्दाम रजा घेऊन स्टँडवर गेलो. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्या दिवशी मी त्या माणसाला तोंड उघडू दिलं नाही, वर ओरडून तुमच्या तोंडून पाटी म्हणवली, आणि खाली उतरलात मात्र तुम्ही. हे सगळं मनात जुळवून मी गेलो होतो.

सेतुराव बाकावर बसले होते. शेजारी खेड्यातली एक म्हातारी, मांडीवर कापडाचं गाठोडं. ती काहीतरी सांगत होती आणि ते तिच्याकडे वळून ऐकत होते. मधूनमधून "हं" म्हणत होते. मी जवळ गेलो तर त्यांनी मला हातानं थांबायची खूण केली. मला त्यांनी ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. डोळे अधू झाले होते. मी खांबापाशी उभा राहिलो.

म्हातारीचा मुलगा मलायाला गेला होता. अकरा वर्षं पत्र नव्हतं. ती पहिल्यापासून सांगत होती, तो कोणत्या महिन्यात जन्मला, काय खायचा, कोणत्या सणाला निघाला. बस सुरू झाली. तुळसानं खिडकीतून हाक मारली, "अप्पा, या की!" कंडक्टरनं शिट्टी दिली. सेतुरावांनी त्यांनाही तीच खूण केली, जरा थांबा अशी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. शेवटी तुळसा खाली उतरली आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. एक-एक पायरी चढताना ते मागे वळून म्हातारीला काहीतरी सांगत होते. हॉर्नमध्ये मला ऐकू आलं नाही. बस धूळ उडवीत कावेरीच्या बाजूला न जाता दक्षिणेला वळली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेल्याचं तुळसाचं कार्ड आलं.

स्टँडवरची गर्दी पांगली. म्हातारी गाठोड्यावर हात ठेवून बसून होती.

"कोण होते ते?" तिनं मला विचारलं.

"आमच्या दुकानात होते," मी म्हटलं.

"माझं अर्धं राहिलं सांगायचं."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो.

"सांगा अम्मा," मी म्हटलं.